कापसाच्या लाइनीतला मिक्सर

मी मिक्सरवर ड्रायव्हर कसा झालो, तर मला कोणी विचारलंच नाही म्हणून. आमच्या अब्बांचं दारव्ह्याला गॅरेज होतं आणि मी दारव्हा–यवतमाळ काळीपिवळी जीप चालवायचो. त्या वर्षांत कापसानं सगळ्यांनाच दमवलं होतं, ज्यांच्या घरात कापसाचं एक बोंडही नव्हतं त्यांनासुद्धा. कापूस विकला जात नाही तोवर माणूस यवतमाळला कशाला जाईल? जीप भरेपर्यंत अर्धी दुपार निघून जायची, आणि तोवर पहिले बसलेले लोक कंटाळून उतरून घरी गेलेले असायचे.

अशात यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका ठेकेदारानं नागपूरहून जुना काँक्रीट मिक्सर आणला. आणला म्हणजे ओढून आणला. तो दुरुस्त करायला अब्बांना बोलावणं आलं आणि पान्हे द्यायला मी बरोबर गेलो. अब्बांनी आठवडाभर त्याच्या पोटाखाली झोपून तो चालू केला. ठेकेदार म्हणाला, "आता हा चालवणार कोण?" अब्बांनी हातातला पान्हा माझ्याकडे केला. मला वाटलं, पान्हा धर म्हणताहेत. मी पुढे होऊन तो धरला, आणि नोकरी लागली.

गाडी कशी चालते ते अब्बांनी मला एकदाच सांगितलं. आत पंखा नाही, रवी नाही, काही नाही. तो मोठा तिरपा ड्रम स्वतःच फिरतो. त्याच्या आतल्या अंगाला लोखंडी पट्ट्या वेटोळ्यानं जोडलेल्या असतात, स्क्रूच्या आट्यासारख्या. ड्रम एका बाजूनं फिरवला की माल आत तळाशी ओढला जातो आणि ढवळत राहतो. दुसऱ्या बाजूनं फिरवला की तोच माल पट्ट्यांवरून चढत तोंडाशी येतो आणि मागच्या लोखंडी पन्हळीतून खाली पडतो. "चाचा की दुकान का खिमे का मशीन देखा ना?" अब्बा म्हणाले. "वही है. बस, इसको उल्टा घुमाया तो खिमा वापस बकरा बनने जाता है."

दुसरी गोष्ट त्यांनी जरा गंभीरपणे सांगितली. ड्रम इंजिनावर फिरतो. इंजिन पंपाला फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल ड्रमला फिरवतं. म्हणजे इंजिन बंद, तर ड्रम बंद. आणि पोटात माल असताना ड्रम बंद राहिला, तर सिमेंट कोणाची वाट पाहत नाही. नागपूरला कोणीतरी हीच गाडी बंद करून जेवायला थांबला होता म्हणे. मग एका माणसाला छन्नी-हातोडा देऊन आत उतरवावं लागलं. त्यानं बरंच फोडलं, पण एक गड्डा तसाच राहून गेला. ड्रम फिरला की तो गड्डा फेऱ्याला एकदा धप्प करून वाजायचा. मला त्या आवाजाची सवय झाली, लोकांना मात्र आत कोणीतरी आहे असंच वाटायचं.

आमच्याकडे तोवर असली गाडी कोणी पाहिली नव्हती. उन्हाळ्यात मी गावातून गेलो की बाया गुंड-घागरी घेऊन मागे यायच्या, पाण्याचा टँकर समजून. एका म्हातारीनं गाडीला फेरी मारून मला विचारलं होतं, "एवढं ताक कोनासाठी हाय, बापू?"

माझ्याबरोबर क्लीनर म्हणून जे होते त्यांना मी काका म्हणायचो. पन्नाशीचे, दारव्हा रोडवरच्याच एका खेड्याचे, घरी कापूस आणि तूर. स्वभावानं अतिशय सभ्य. त्यांची एकच अडचण होती. फिरता ड्रम पाहिला की त्यांना गरगरायचं. म्हणून ते आपल्या बाजूचा आरसा आकाशाकडे करून ठेवायचे आणि साइटवर माल उतरवताना ड्रमकडे पाठ करून उभे राहायचे. मी मागून ओरडायचो, "काका, माल पडून राह्यला का?" ते न वळता म्हणायचे, "आवाजावरून तर पडूनच राह्यला असंन."

हे सगळं ज्या दिवसासाठी सांगतो आहे, त्या दिवशी दारव्हा रोडवर एका नाल्याच्या पुलाचं काम चाललं होतं. स्लॅब पडणार होता. आम्ही लोहाऱ्याहून सकाळीच ड्रम भरून निघालो. गिट्टी, रेती, सिमेंट, पाणी, सगळं बेतशीर. वाटेत एका जिनिंगच्या आवारात सरकारी कापूस खरेदी सुरू झाली होती हे मला माहीत होतं. व्यापाऱ्याचा भाव पडला होता, त्यामुळे सगळा मुलूख तिकडेच चालला होता. पण रस्ता एवढा भरलेला असेल असं वाटलं नव्हतं. बैलांच्या बंड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर, सगळे कापसानं फुगलेले, एकामागे एक.

रस्त्याच्या मधोमध एक गृहस्थ उभे होते. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, हातात वेळूची काठी. नंतर कळलं की ते निवृत्त ड्रिल मास्तर होते आणि लाइनीची व्यवस्था त्यांनी कोणी न सांगता आपल्याकडे घेतली होती. त्यांनी शिट्टी वाजवून काठीनं डावीकडे खूण केली. मला वाटलं, वळणरस्ता काढला आहे. मी गाडी डावीकडे घातली. पुढे बंडी होती, तिच्या मागे थांबलो. क्षणभरात माझ्या मागे ट्रॅक्टर लागला, त्याच्या मागे अजून एक. उजवीकडे दुसरी रांग आली. मी खाली उतरून पुढच्या बंडीवाल्याला विचारलं, "ही वाट कुठं निघते जी?"

"काट्यावर," तो म्हणाला. "नंबर लागला म्हंजे."

तेव्हा मला कळलं की आम्ही कापूस विकायच्या लाइनीत उभे आहोत.

मी धावत मास्तरांकडे गेलो. "साहेब, आमच्या गाडीत कापूस नाई. काँक्रीट हाय. आमाले बाहेर काढा."

मास्तरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला शाळा आठवली. "परवा एकजण म्हणाला, दूध नासते, पुढं जाऊ द्या. काल एकजण बंडीवर नवरदेव बसवून आला, म्हणाला लग्न लागाचं हाय. नवरदेवाले विचारलं नवरीचं गाव कोणतं, त सांगता नाई आलं. आता तू काँक्रीट घेऊन आला. नंबरानं ये."

"पण आमाले पुढं नाई जाचं, बाहेर जाचं हाय."

"बाहेर जाऊन मंग पुढं घुसाचं. समजते मले."

मी परत आलो तर काका कॅबिनमध्ये नव्हते. म्हणजे होते, पण सीटच्या खाली, पाय दुमडून. मी विचारलं, "गरगरलं का?"

"हळू बोल," ते म्हणाले. "समोरच्या चौथ्या बंडीवर आमची मंडळी बसून हाय."

मग मला खरी गोष्ट कळली. घरचा कापूस केंद्रावर आणायचा होता आणि लाइनीत काही दिवस काढावे लागणार होते. काकांनी घरी सांगितलं होतं की साहेबाच्या गाडीवर ड्यूटी आहे, एक दिवसाची सुट्टी मिळत नाही. म्हणून काकू आपल्या भावाला घेऊन बंडीवर आल्या होत्या. काकांनी सुट्टी मागितलीच नव्हती. त्यांना लाइनीत बसायचा कंटाळा होता.

लपून उपयोग झाला नाही. आमच्या ड्रमची धप्प धप्प ऐकून आजूबाजूचे लोक जमले होते आणि त्यांच्यात काकूही आल्या. त्यांनी दार उघडलं, सीटच्या खाली पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आले का? बरं झालं. बसा बंडीवर. मी घरी जाते."

काका वर सरकून बसले. "मी ड्यूटीवर हाय."

"काय ड्यूटी हाय?"

"हे मागं फिरून राह्यलं ना, ते पाहाची."

काकूंनी ड्रमकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. ते समोरच्या काचेतून बैलांकडे पाहत होते. "तुमी त पाहूनच नाई राह्यले," त्या म्हणाल्या.

ऊन चढलं. लाइन हलत नव्हती. मला सिमेंटची काळजी लागली. मी मागे जाऊन ड्रम उलटा फिरवायचा दांडा ओढला, थोडा माल पन्हळीत घेतला. सकाळी पातळ भाजीसारखा होता तो आता पिठल्यावर आला होता. मी टाकीतलं पाणी मारू शकलो असतो, पण नुसत्या पाण्यानं माल कच्चा होतो हे अब्बांनी बजावलं होतं. पुलावरच्या इंजिनिअर साहेबांना मोबाइल लावला. एका पायावर उभं राहिलं की रेंज यायची.

"कुठे आहेस तू?" साहेब म्हणाले.

"कापसाच्या लाइनीत, साहेब."

मग ते म्हणाले, "कितवा नंबर आहे?"

मी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, आता स्लॅबसाठी तो माल चालणार नाही, दुसरी गाडी बोलावतो, पण ड्रम वाचव. साखर टाक. साखर पडली की सिमेंट जमायचं विसरतं. दोन-चार किलो पुरे. मला वाटलं रेंजमुळे चुकीचं ऐकू आलं. मी परत विचारलं. साहेब ओरडले, "साखर, साखर. चहात टाकतो ती."

जवळ एकच चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं साखरेचा डबा मांडीखाली घेतला. एवढी मोठी लाइन माझ्या चहावर उभी आहे, तो म्हणाला, साखर दिली तर लोक मला उलटा टांगतील. मी हात हलवत परत आलो.

काकूंनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्यांनी साखर कशाला, हा प्रश्न विचारला नाही. लाइनीत दिवस काढायचे म्हणून प्रत्येक बंडीत स्टोव्ह, चहापत्ती, साखर होतीच. काकूंनी पदर खोचला आणि बंडीमागून बंडी हिंडू लागल्या. "मूठभर साखर द्या वो, त्या गाडीत टाकाची हाय."

लोक देत गेले. पण साखर दिली की माणूस विचार करतो. मोठं भांडं आहे. खालून गरम हवा येते आहे. आत काहीतरी ढवळलं जातं आहे. आणि आता साखर पडणार आहे. लाइनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बातमी गेली की सरकारनं कास्तकारांसाठी शिऱ्याची गाडी पाठवली.

मला हे माहीत नव्हतं. मी इंजिनाचा वेग वाढवून ड्रम आत ओढायच्या बाजूनं जोरात फिरवत होतो, म्हणजे वरच्या नरसाळ्यात टाकलेली साखर थेट तळाशी जाईल. काका डोळे मिटून शिडीवर चढले होते आणि काकूंनी खालून दिलेली साखर चाचपडत आत ओतत होते. एक आजोबा आले आणि त्यांनी कागदाची पुडी वर दिली. काकांनी विचारलं, "काय हाय जी?"

"इलायची. कुटून आणली."

काकांनी मला विचारलं, टाकू का? एवढ्या प्रेमानं आणलेली वस्तू परत कशी करायची, म्हणून मी म्हणालो, टाका. मग कोणीतरी मनुके दिले. तेही गेले.

मी वळून पाहिलं तेव्हा गाडीमागे लोक ताटं, डब्यांची झाकणं, पळसाची पानं घेऊन उभे होते. मास्तर शिट्टी वाजवत त्यांची दुसरी लाइन लावत होते. "बायामाणसं इकडून. एकाले एकच वाढ. बंडीवर कोनी नसंन त त्याचा नंबर जाईन, सांगून ठेवतो."

काकूंनी त्यांना सांगून पाहिलं की हे पुलाचं सिमेंट आहे. एक जण म्हणाला, "त मंग साखर काहून टाकली?" शेवटी पहिल्या माणसानं ताट पन्हळीखाली धरलं आणि हटेचना. मी दांडा फिरवला. ड्रम थांबला, उलटा फिरू लागला आणि करड्या रंगाचा एक मोठा गोळा त्याच्या ताटात पडला. ताटासकट तो खाली वाकला.

सगळे जवळ आले. त्यानं वास घेतला. "इलायची तर हाय याच्यात," तो म्हणाला.

"भाजला जास्त," मागचा एक जण म्हणाला. "रवा करपला."

मग इलायचीवाले आजोबा पुढे आले, बोटानं एक खडा काढला, दातांखाली धरला आणि परत काढून पाहिला. "गिट्टी हाय," त्यांनी जाहीर केलं. लोकांना फार वाईट वाटलं. रागावलं कोणी नाही. नुसते ताटं घेऊन आपापल्या बंड्यांकडे गेले, आणि मला ते रागावण्यापेक्षाही जड गेलं. मी आजोबांना म्हणालो, "माफ करा बाबा, तुमची इलायची वाया गेली." ते म्हणाले, "पुलाले लागली ना, मंग झालं."

पण आम्ही होतो तिथंच होतो. तेव्हा काकू विचार करत बंडीच्या चाकाला टेकल्या आणि म्हणाल्या, "या लाइनीतून बाहेर पडाची एकच वाट हाय. रिजेक्ट होणं."

ते खरं होतं. ग्रेडर साहेब दुपारी लाइनीतून फिरत. कापसात हात घालून, मुठीत दाबून ओलावा पाहत, कवडी म्हणजे किडका पिवळा कापूस किती आहे ते पाहत. ओला निघाला की गाडी बाहेर. तिला मास्तर स्वतः वाट करून देत, मागच्या सगळ्यांचा नंबर पुढे सरकतो म्हणून लोकही आनंदानं ट्रॅक्टर मागे घेत.

काकू गेल्या आणि ग्रेडर साहेबांना घेऊन आल्या. बारीक, चष्मेवाले, सकाळपासून आवारातल्या कापसाच्या शेकडो गंज्यांत हात घालून केसांपासून भुवयांपर्यंत कापूस लागलेले. ते गाडीपुढे उभे राहिले. ड्रमकडे पाहिलं. ड्रम धप्प झाला. त्यांनी मला विचारलं नाही की हे काय आहे. बाही वर सारली आणि म्हणाले, "नमुना दाखवा."

मी पन्हळीत माल घेतला. त्यांनी मनगटापर्यंत हात घातला, मूठभर उचलला, दाबला, बोटांतून पाणी निघालं ते पाहिलं. मास्तर श्वास रोखून बाजूला उभे होते. ग्रेडर साहेबांनी हात बाहेर काढला.

"ओलावा फार आहे," ते म्हणाले. "कवडी पण जास्त आहे. घेता येणार नाही."

"मंग काय करू साहेब?" मी विचारलं.

"वाळवून आणा."

मी आजवर कितीदा आठवून पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं का. भुवयांना कापूस होता, एवढंच आठवतं. मी त्यांच्या हातावर टाकीचं पाणी घातलं, त्यांनी रुमालाला हात पुसले आणि पुढच्या बंडीत घातले.

मास्तरांची शिट्टी वाजली. "रिजेक्ट गाडी. वाट सोडा." लोकांनी ट्रॅक्टर मागे घेतले, बैल बाजूला केले. एकानं मला खिडकीतून समजावलं, "मन नको लहान करू. माहा मागच्या वर्षी दोनदा परत गेलता."

मी गाडी काढणार तर क्लीनरच्या जागेवर काकू बसलेल्या. काका खाली, मेहुण्याशेजारी, हातात बैलाचा कासरा.

"चला," काकू मला म्हणाल्या.

"काकू, काका?"

"त्यायले बसू द्या. कापूस फिरत नाई. त्यायले मानवते."

खिडकीतून काका म्हणाले, "जा बापू. हिले सगळं समजते." त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत इतका निवांत मी पाहिला नव्हता.

पुलावर पोचलो. इंजिनिअर साहेबांनी माल हातात घेतला, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि सिमेंटच्या गोदामाशेजारची मोकळी जागा दाखवली. तिथं सामान ठेवायला फरशी करायची होती. काकूंनी पन्हळ धरली. ती डावी-उजवीकडे कशी फिरवायची हे मी सांगायच्या आधीच त्यांनी फिरवली, शेतात पाणी वळवतात तशी. ड्रमकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मला आवाज देत गेल्या, "येऊ द्या. हळू. बस. आता जोरात." मग रिकाम्या ड्रममध्ये पाणी सोडून, फिरवून, आम्ही तो धुऊन काढला. इतका स्वच्छ तो कधीच झाला नव्हता.

साखर जरा जास्तच पडली होती. ती फरशी जमेना. दुसऱ्या दिवशी मऊ, तिसऱ्या दिवशी मऊ. तिच्यावर मुंग्या आल्या, मुंग्यांमागे कोंबड्या आल्या, एक बकरी येऊन चार पायांचे ठसे देऊन गेली. साहेब रोज सकाळी येऊन अंगठ्यानं दाबून पाहायचे. मजूर म्हणायचे, पाकात टाकायला उशीर झाला. मग एक दिवस ती आपसूक जमली, आणि अशी जमली की साहेबांनी घण मारून पाहिला तेव्हा घणाचा दांडा मोडला. मनुके कुठंच दिसले नाहीत. ते बहुतेक कोंबड्यांनी नेले.

काकांचा कापूस काही दिवसांनी मोजला गेला. ते लोहाऱ्याला आले तेव्हा काकू माझ्याबरोबर दारव्ह्याहून रिकामी गाडी घेऊन परतत होत्या. ठेकेदाराला त्यांचं काम आवडलं होतं. काकांनी जागा परत मागितली नाही. फाटकाशी उभं राहून एवढंच म्हणाले, "तूर सवंगाले आली. मजूर भेटून नाई राह्यले."

"मंग तुमी पाहा ना," काकू कॅबिनमधून म्हणाल्या. "मी ड्यूटीवर हाय."

काका तुरीच्या कापणीवर गेले. सवंगणी झाली, मळणी झाली, तोवर काकू मिक्सरवर होत्या. सुरुवातीला साइटवरचे लोक थांबून पाहायचे, मग सवय झाली. माझ्या अम्मीनं त्यांना एकदा घरी जेवायला बोलावलं. अब्बांनी त्यांना ड्रमच्या आतल्या पट्ट्या खिमा मशीनच्या हिशोबानं समजावायला घेतल्या. काकू शाकाहारी होत्या, पण शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

होळीच्या आधी पुलाचं काम संपलं आणि त्या गावी परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "काका येतीन उद्यापासून. त्यायच्यावर ओरडू नको, बापू. माणूस चांगला हाय, फक्त त्याच्यासमोर काही फिरलं नाई पाह्यजे." दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. पिशवीत तुरीची डाळ होती, आमच्या अम्मीसाठी. मी ती सीटमागे ठेवली, गाडी माल भरायच्या प्लांटखाली लावली आणि आम्ही दोघं ड्रम भरायची वाट पाहत बसलो.